शरभाचा रंग

ड्रॅगनचा रंग कोणता, असं कुणालाही विचारून बघा. बहुतेक जण 'हिरवा' म्हणतात, सिनेमे जास्त बघणारे 'काळा' म्हणतात, आणि एखादा शहाणा 'कुठला ड्रॅगन त्यावर आहे' असं म्हणून आपल्यालाच उलटा प्रश्न टाकतो. पण उत्तर सगळ्यांकडे असतं. शरभाचं तसं नाही. शरभाचा रंग कुणालाच माहीत नाही, कारण आपण तो बघितलाय फक्त दगडात.

शरभ म्हणजे आपल्या किल्ल्यांच्या दरवाज्यांवर कोरलेला असतो ना, तो. सिंहासारखं अंग, वटारलेले डोळे आणि पंजात हत्ती. तेही मांजराच्या पिल्लाएवढे हत्ती. जंजिऱ्याच्या मुख्य दरवाज्यापाशी आहे त्याचा फोटो माझ्या फोनमध्ये होता, होडीतून उतरल्या उतरल्या घाईत काढलेला. पुराणातला शरभ वेगळा. नरसिंहाला आवरायला शंकरानं घेतलेलं ते रूप, त्याला पाय आठ. दरवाज्यावरचा चार पायांवर भागवतो. (मलाही चारच बरे. पाय रंगवायला बसलं की कळतं, का ते.)

तर गेले तीन महिने मी शनिवार-रविवार हा शरभ रंगवतोय. कॉम्प्युटरवर. एक सेकंडहँड पेन टॅब्लेट आणि 'क्रिता' नावाचं सॉफ्टवेअर, जे फुकट आहे आणि ओपन सोर्सही आहे, एवढ्या भांडवलावर. मी यातला जाणकार वगैरे नाही. पण नवशिक्याची एक गोष्ट चांगली असते. आपलं नक्की कुठे अडलं होतं हे त्याला अजून आठवत असतं. जाणकार ते विसरून गेलेला असतो, म्हणूनच बरेच जाणकार व्हिडिओत 'आता इथे थोडं शेडिंग करून घेऊ' म्हणतात आणि पुढच्या चाळीस सेकंदांत तिथे एक जिवंत प्राणी श्वास घ्यायला लागलेला असतो.

तो चाळीस सेकंदांचा मामला समजून घ्यायला मला तीन महिने लागले. त्याचं मर्म असं की, रंग आणि शेडिंग हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वस्तूचा स्वतःचा रंग कोणता, हा एक. तिच्या त्या-त्या भागावर किती उजेड पोचतोय, हा दुसरा. डोळ्यात जे शिरतं तो या दोघांचा गुणाकार. आणि मेंदू आपल्याला न विचारता त्याचा भागाकार करून मोकळा होतो. सावलीतला पांढरा शर्ट आपल्याला पांढराच दिसतो, राखाडी नाही.

एमआयटीतल्या एडवर्ड एडल्सन यांनी 1995 साली याचं एक चित्र केलं. तुम्ही ते कुठेतरी बघितलं असेल. बुद्धिबळाचा पट, त्यावर एक हिरवा दंडगोल, त्याची सावली पटावर. सावलीबाहेरचा 'काळा' चौकोन आणि सावलीतला 'पांढरा' चौकोन यांचा राखाडी रंग अगदी तंतोतंत एक आहे. रंग उचलायचं साधन लावून आकडे ताडून पाहिले तरी डोळा ऐकत नाही. आयुष्यभर बिनबोभाट भागाकार करणाऱ्या या यंत्राकडून उलटा हिशेब करून घ्यायचा, म्हणजे दोन्ही संख्या आधी वेगवेगळ्या ठरवायच्या आणि मग गुणायच्या, हे डिजिटल रंगकाम. समोर प्राणीच नसल्यामुळे फँटसीत तर उत्तर बघून लिहायचीही सोय नाही.

मला हे शिकवणारा माझा एक जुना मित्र आहे. बारा वर्षं गेम्ससाठी चित्रं काढतोय. राक्षस, भुतं, उडते मासे, जे मागाल ते. त्याच्याबद्दल पुढे सांगतो. पहिल्या रविवारी मी मोठ्या उत्साहानं रंगांची पट्टी तयार करून गेलो होतो. सोनेरी अंग, निळी आयाळ. त्यानं ती बघितलीसुद्धा नाही.

"सूर्य कुठे ठेवलायस?"

"म्हणजे?"

"उजेड कुठून येतोय ते सांग आधी. रंग नंतर. दोन आठवडे राखाडीच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही."

दगडातल्या प्राण्यासाठी हे फारच सोयीचं निघालं. दगडाला रंगाचा प्रश्नच नसतो. सगळा दगड एका रंगाचा, तरी डोळा, जबडा, बरगडी सगळं दिसतं, ते केवळ कुठला पृष्ठभाग उजेडाकडे तोंड करून आहे आणि कुठला नाही यावरून. कॉम्प्युटर ग्राफिक्स शिकलेल्यांना योहान लॅम्बर्ट आठवेल. 1760 साली त्यानं हे सूत्रात मांडलं. पृष्ठभाग उजेडाकडे किती वळलाय त्या कोनाचा कोसाइन घ्या, तेवढा उजेड. समोरासमोर असेल तर पूर्ण, 60 अंशांत कललेला असेल तर निम्मा, 90 अंशांवर शून्य. कॉलेजात हे सूत्र परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. शरभाच्या खांद्यावर ते वापरताना पहिल्यांदा त्याचा चेहरा दिसला, असं म्हणू.

पण सूत्र वापरायला पृष्ठभाग कुठे कसा वळतो हे माहीत हवं, आणि कागदावर तर नुसत्या रेषा असतात. इथेच नवशिक्याचं चित्र उशीसारखं होतं. म्हणजे आकाराच्या कडेकडेनं सगळीकडे गडद, मधे फिकट. फुगीर दिसतं, पण उजेड कुठूनच येत नसतो. मित्राचा यावरचा उपाय एकदम घरगुती आहे. मातीचा प्राणी करायचा. 'डायनोटोपिया'वाला जेम्स गर्नी हेच करतो. नसलेल्या प्राण्याची छोटी मूर्ती करून ती उन्हात ठेवतो आणि बघून रंगवतो, असं त्यानं 2009 च्या आपल्या 'इमॅजिनेटिव्ह रिअॅलिझम' या पुस्तकात सविस्तर दाखवलंय. मी शाडू आणला. वीतभर लांबीचा शरभ केला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी त्याला डुक्कर म्हटलं, पण तो उजेडासाठी केलेला होता, देखणेपणासाठी नाही. टेबललॅम्प डावीकडून वर धरला आणि अर्धा तास नुसता बघत बसलो.

तेव्हा दोन प्रकारच्या सावल्या वेगळ्या दिसल्या. एक अंगचीच सावली. पोटाचा गोलवा उजेडापासून हळूहळू वळत जातो तशी ती हळूहळू दाट होते, तिला कड अशी नसते. दुसरी पडछाया. जबड्याची मानेवर पडते ती. तिची कड जबड्याजवळ सुरीनं कापल्यासारखी, आणि लांब जाईल तशी विरत जाणारी. (खऱ्या सूर्याचंही असंच. सूर्य हा ठिपका नाही, आकाशात साधारण अर्ध्या अंशाची थाळी आहे, म्हणून.) सॉफ्टवेअरमध्ये यासाठी वेगळं बटण नाही. एकीकडे मऊ ब्रश, दुसरीकडे कडक, आणि कुठे कुठला हे आपणच ठरवायचं. नुसता मऊ ब्रश फिरवला की प्राणी फुग्याचा होतो, नुसता कडक फिरवला की पत्र्याचा.

न बघितलेला प्राणी काढणाऱ्यांचा मूळपुरुष म्हणायचा तर ड्यूररला म्हणावं लागेल. गुजरातच्या सुलतानानं आल्बुकर्कला दिलेला एक गेंडा 1515 च्या जानेवारीत गोव्याहून जहाजावर चढला आणि मे महिन्यात लिस्बनला उतरला. आल्ब्रेख्त ड्यूररनं तो कधीच पाहिला नाही. कुणीतरी पाठवलेल्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून त्यानं त्याचं लाकडी ठशाचं चित्र केलं. त्यात गेंड्याला चिलखतासारखे पत्रे आहेत आणि पाठीवर एक जास्तीचं छोटं शिंग आहे. तरी युरोपला पुढची कित्येक वर्षं तोच गेंडा खरा वाटला. का वाटला, ते हे चित्र मोठं करून बघितल्यावर समजतं. प्रत्येक बारीक रेष अंगाच्या वळणावरून जाते, मडक्यावर दोरा गुंडाळावा तशी. शिंग खोटं असलं तरी शरीर गोल आहे, वजनदार आहे, त्याच्यावर उजेड पडलाय. माणसं शिंगं मोजत नाहीत, उजेड तपासतात. नकळत तपासतात.

बरं, दोन आठवड्यांनी राखाडीतून सुटका झाली. आता रंग.

इथे इंजिनिअर माणसाला आनंद होईल असा एक आकड्यांचा घोळ आहे. सॉफ्टवेअरमध्ये रंग निवडताना छटा, गडदपणा, तेज असे तीन आकडे असतात. शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा, दोन्हींचं तेज तिथे 100 टक्के दाखवतं. डोळ्याला मात्र पिवळा झळझळीत आणि निळा जवळजवळ अंधार. कारण डोळा तिन्ही रंगांना सारखं वजन देत नाही. स्क्रीनसाठी ठरलेला हिशेब असा आहे: लाल 0.2126, हिरवा 0.7152, निळा 0.0722. म्हणजे पिवळ्यात (लाल अधिक हिरवा) उजेडाचे जवळपास 93 टक्के, निळ्यात 7. माझ्या सोनेरी अंगाच्या आणि निळ्या आयाळीच्या पट्टीत हाच सापळा होता. आकडे सारखे ठेवून निळी आयाळ उन्हात धरली तरी ती सावलीत असल्यासारखी दिसते. यावर तोडगा म्हणून सगळ्यात वर एक काळा लेअर टाकून त्याचा मोड 'कलर' करून ठेवायचा. तो चालू केला की चित्र राखाडी होतं, बंद केला की रंगीत. दर दहा मिनिटांनी चालू-बंद. राखाडीत शरभ दगडातल्यासारखा दिसला पाहिजे. नाही दिसला, तर रंग उजेडाच्या कामात लुडबुड करतोय.

मग पोट आलं, आणि पोटापाशी मी तब्बल दोन वीकएंड बसलो होतो.

प्राण्याला रंग देताना आपण आपोआप पाठ गडद आणि पोट पांढुरकं करतो, कारण खरे प्राणी तसेच असतात. काळवीट घ्या, चितळ घ्या. बाजारात बांगडा उलटा करून बघा, पाठ निळी-काळी, पोट चांदीचं. आता गंमत बघा. उजेड वरून येतो, म्हणून पाठ उजळ आणि पोट सावलीत. रंग नेमका याच्या उलटा, पाठ गडद आणि पोट फिकट. गुणाकार केला की दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि सगळं अंग एकाच टोनचं, सपाट. चित्रात ही डोकेदुखी आहे, पण प्राण्याला तर हेच हवंय! सपाट दिसणं म्हणजे न दिसणं. हे नीट मांडलं कुणी, तर अॅबट थेअर नावाच्या अमेरिकन चित्रकारानं, 1896 साली, पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात. जन्मभर शेडिंग करून गोलाई आणणाऱ्या माणसालाच हे दिसावं, हे मला फार आवडलं. निसर्ग शेडिंग पुसतोय, हे ओळखायला शेडिंग करणाराच लागतो.

म्हणजे चित्रकारानं काय करायचं? मला ठरवावं लागलं की माझा शरभ लपणारा नाही. हत्ती पंजात घेऊन फिरणाऱ्याला कुणापासून लपायचंय? पोट पांढरं न ठेवता मी ते अंगाच्याच तांबूस रंगाचं ठेवलं, जरासं फिकट. आणि तो उभा जांभ्याच्या जमिनीवर असल्यामुळे खालून लालसर उजेड पोटावर येतो. हा जमिनीवरून उसळलेला उजेड सावलीत जीव आणतो, पण त्याला मर्यादेत ठेवायचं. तो उजेडाच्या बाजूपेक्षा कधीच उजळ होता कामा नये, नाहीतर पोटाखाली बल्ब लावल्यासारखं दिसतं.

सावलीच्या रंगाचंही असंच. 'मल्टिप्लाय' म्हणून एक लेअरचा मोड आहे, तो शब्दशः गुणाकार करतो, आकडे गुणून 255 नं भागतो. शरभाच्या अंगाचा रंग समजा 200, 150, 90. वर राखाडी 120 ची सावली टाकली की येतात 94, 71, 42. गणित बरोबर, पण दिसतं काजळी फासल्यासारखं. कारण उघड्यावर सावलीत काळोख नसतो, तिथे आकाशाचा निळा उजेड असतो. सावलीचा रंग 120, 130, 180 असा निळसर घेतला की येतात 94, 76, 64. लाल तेवढाच राहिला, निळा वाढला, आणि सावलीत हवा शिरली. एवढ्याशा फरकावर मी घरातल्यांना बोलावून स्क्रीन दाखवली. त्यांना दोन्ही सारखेच दिसले. असो.

आता मित्राचं. 2022 मध्ये वाक्य लिहिलं की चित्र काढून देणारी यंत्रं लोकांच्या हाती आली. त्याच्या स्टुडिओत नऊ जणांची टीम होती, ती आता चार जणांची आहे. त्याचं काम राहिलंय, पण पालटलंय. यंत्रानं काढलेले राक्षस त्याच्याकडे येतात आणि तो ते दुरुस्त करतो. बोटं वगैरे आता बरीच ठीक येतात म्हणतो. पण उजेड? शिंगावर डावीकडून, पायावर उजवीकडून, डोळ्यातली चमक तिसरीकडूनच. त्याला ते दोन सेकंदांत दिसतं. "ग्राहकाला दिसत नाही," तो म्हणाला, "पण त्याला काहीतरी खोटं वाटतं, आणि तो म्हणतो जरा पॉप करा. त्या पॉपचे पैसे मला मिळतात." पूर्वी मिळायचे त्याच्या निम्मे.

मी काय बोलणार? मी त्याच यंत्रांच्या धंद्यात आहे. आमच्याकडेही आता न लिहिलेला कोड तपासणं हेच बरंचसं काम झालंय, आणि तपासता येतो तो आधी दहा वर्षं हातानं लिहिला म्हणून. मला पडलेला प्रश्न वेगळाच आहे. त्याच्या धंद्यात नवीन पोराला पहिली दोन वर्षं नुसतं रेषांच्या आत सपाट रंग भरायचं काम देत. कंटाळवाणं, पण त्यातून नजर तयार व्हायची. ते काम सगळ्यात आधी गेलं. म्हणजे त्याच्यासारखी दोन सेकंदांत उजेड पकडणारी पुढची नजर कुठून येणार, याचं उत्तर ना त्याच्याकडे आहे ना माझ्याकडे. 'मग तू का शिकतोयस?' असं ऑफिसमध्ये दोघांनी विचारलं. त्यांना सांगितलं की दहा सेकंदांत शरभ मिळतो हे मलाही ठाऊक आहे, पण त्या शरभाच्या पोटाचा निर्णय मी घेतलेला नसतो. ते दोघंही समाधानी दिसले नाहीत.

मित्रानं आता रविवारी शिकवायला सुरुवात केली आहे. फी भरणारा पहिला विद्यार्थी मी. पैसे घ्यायला तयारच नव्हता, चार रविवार त्यावरच वाद झाला. परवा दोन मुली आल्या, एक बारावीची, एक आर्किटेक्ट. दोघींना त्यानं पहिला प्रश्न विचारला, सूर्य कुठे ठेवलायस.

सध्या पंख चालू आहेत. पंख मूळ शिल्पात नाहीत, ते मी माझ्या हौसेनं लावले, वटवाघळासारखे, कातडीचे. पातळ कातडीमागे सूर्य आला की लॅम्बर्टचं सूत्र हात टेकतं. उजेड नुसता पृष्ठभागावर आपटत नाही, आत शिरतो, आत विखुरतो आणि लाल होऊन या बाजूनं बाहेर पडतो. अंधारात टॉर्चवर तळहात ठेवला की दिसतं ते हेच. मित्रानं यासाठी कुठला व्हिडिओ नाही दिला, हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' बघायला सांगितलं. समईपुढे हात आडवा धरलेली ती बाई, जिला बरेच लोक रविवर्म्याची समजतात. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांनी ते आपल्या मुलीला, गीताला, समोर उभी करून जलरंगात केलं, मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. मी ते मोठं करून फक्त बोटं बघितली. कडा केशरी-लाल, मधे जिथे हाड आणि मांस जाड तिथे गडद. आणि जलरंगात अनडू नाही.

तेच पंखावर करतोय. जिथे हाडाची काडी आहे तिथे गडद तपकिरी, दोन काड्यांच्या मधे पातळ पडद्यावर गडद होत जाण्याऐवजी उलट लाल पेटत जाणारा रंग, आणि त्यात एक-दोन शिरा. डाव्या पंखाचे तीन पडदे झालेत. राखाडीचा लेअर चालू करून पाहिला तर ते अजून अंगापेक्षा उजळ येतायत, म्हणजे सूर्य मागे असूनही पुढून उजेड असल्यासारखं. लाल थोडा खाली आणावा लागेल. आणि शेपटीत एखादा हत्ती धरायचा की नाही, हे अजून ठरायचंय. हत्ती म्हटलं की परत राखाडी.